लिनियाला लिनियाचेच इंजिन बसवू द्या: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

इंजिन बदलाच्या परवानगीसाठी मी केलेला अर्ज आमच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने परत पाठवला. मोटार वाहन कायद्याचा आधार देणारा शेरा एका ओळीचा आहे: "कलम 52 अन्वये बदल अनुज्ञेय नाही." खाली सही आहे, शिक्का आहे, कारण नाही. कोणत्या कार्यालयातले हे, ते इथे लिहीत नाही. माझे भांडण त्या टेबलावरच्या माणसाशी नाही. त्याला वरून जे स्पष्ट करून दिलेले नाही ते त्याने स्वतःच्या सहीवर ठरवावे, ही अपेक्षा कोण करील? म्हणून पत्र तुम्हाला. आणि ते उघड लिहितो आहे, कारण या शेऱ्यावर अडलेला मी एकटा नाही.

मी एका खासगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा निदेशक आहे. माझी गाडी 2009 ची फियाट लिनिया, 1.4 पेट्रोल, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्सर्जनाचा टप्पा भारत स्टेज 3. पंधरा वर्षे झाल्यावर तिचे रीतसर पुनर्नोंदणीकरण केले, पाच हजार रुपये शुल्क भरले, पर्यावरण कर भरला. त्यानंतर एका उन्हाळ्यात घाट चढताना रेडिएटरचा पंखा बंद पडला आणि इंजिन तापले. हेड उतरवून फेसिंग करून घेतले, गॅस्केट नवे टाकले, तरी पाणी ऑइलमध्ये उतरतच राहिले. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, उघडला तेव्हा दोन सिलिंडरच्या मधल्या भिंतीला बारीक तडा दिसला. इथे दुरुस्ती संपते. नवा ब्लॉक मागवावा तर बीएस-6 (भारत स्टेज 6) लागू झाले त्या 1 एप्रिल 2020 पासून फियाटच्या गाड्या देशात विक्रीलाच नाहीत. डीलर गेले, सुट्या भागांची साखळी आक्रसली. माझ्यासमोर तीन वाटा राहिल्या. गाडी भंगारात घालायची, दुसऱ्या कुठल्यातरी थकलेल्या 1.4 चे इंजिन आणून तीच रड पुन्हा सुरू करायची, किंवा लिनियाचेच टी-जेट इंजिन बसवायचे.

टी-जेट म्हणजे काय, हे तुमच्या तांत्रिक अधिकाऱ्यांना ठाऊक आहे, पण पत्र सगळ्यांसाठी आहे म्हणून सांगतो. लिनिया 2009 मध्ये आपल्याकडे आली. 2010 मध्ये कंपनीने त्याच बॉडीत टर्बो, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारे, पेट्रोल इंजिन घालून लिनिया टी-जेट विकायला काढली. साधे इंजिन 1368 सीसी, टर्बोही 1368 सीसी. साध्याची ताकद 90 अश्वशक्ती, टर्बोची 114. खरा फरक टॉर्कचा, म्हणजे ओढण्याच्या जोराचा: 115 न्यूटन मीटरवरून 207, आणि तोही 2200 आरपीएमलाच मिळतो. घाटात पाच माणसे बसवून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी जड गाडी याच इंजिनाने चालती केली. हौस म्हणून मला ते हवे होते हे लपवत नाही. मोटार मेकॅनिकच्या मास्तराला टर्बोची हौस नसेल तर कोणाला असायची?

पुण्यात नोंदलेली, मागून ट्रकने ठोकलेली 2013 ची टी-जेट विमा कंपनीने टोटल लॉस केली होती. डिकी मागच्या सीटपर्यंत आत गेलेली, बॉनेटला मात्र ओरखडा नाही. ज्याने ती लिलावात घेतली त्याच्याकडून इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, एक्सल, इंटरकूलर आणि त्याचे पाइप, रेडिएटर, फाउंडेशन, संपूर्ण वायरिंग हार्नेस, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), बॉडी कॉम्प्युटर आणि किल्ली असा जोड एक लाख दहा हजाराला घेतला. किल्ली का, असे माझ्या विद्यार्थ्यांनीही विचारले. फियाटमध्ये ईसीयू, बॉडी कॉम्प्युटर आणि किल्लीतली चिप एकमेकांचा कोड ओळखतात. यातला एक दुसऱ्या गाडीचा असला की स्टार्टर फिरतो, इंजिन घेत नाही. स्वस्तात काम करायला निघालेली माणसे नुसते इंजिन उचलून आणतात आणि मग इलेक्ट्रिशियनच्या दारात महिनोन्‌महिने बसतात.

पैसे देण्याआधी टर्बोचा पाइप काढून कॉम्प्रेसरचा पंखा बोटाने फिरवला, शाफ्ट धरून वर-खाली आणि आत-बाहेर किती हलतो ते पाहिले. पाइपच्या आत तेलाचा पातळसा थर होता, थेंब नव्हता. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना सारखे मिळाले. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट, टर्बोला जाणारी ऑइलची नळी आणि सगळी सील नवी टाकली. टी-जेटला मागेही डिस्क ब्रेक येतात, माझ्या गाडीला मागे ड्रम आहेत. म्हणून मागच्या डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर हेही त्याच गाडीचे घेतले. सगळे मिळून हिशेब पावणेदोन लाखांच्या आत बसला. बाजारात या रकमेत जी जुनी गाडी मिळते ती कशी असते हे रस्त्यावर रोज दिसते.

इंजिन आज स्टँडवर आहे, गाडी शेडमध्ये आहे, रस्त्यावर आणलेली नाही. आधी परवानगी, मग काम, असा क्रम ठेवला. तेच बहुधा चुकीचे मानले जाते, कारण ज्यांनी विचारलेच नाही त्यांच्या गाड्या मजेत फिरत आहेत. आता तक्रारी सांगतो.

1. नकार कशाला, हे कोणी सांगत नाही.

आरसीवरचे रकाने एकेक करून पाहा. निर्माता तोच, बॉडी तीच, इंधन पेट्रोल, क्षमता 1368 सीसी, आसने पाच. बदलतात ते इंजिन क्रमांक, व्हेरिएंटचे नाव, अश्वशक्ती, उत्सर्जनाचा टप्पा आणि थोडेसे वजन. कलम 52 च्या स्पष्टीकरणात "बदल" म्हणजे वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल, असे म्हटले आहे. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये बजावले की निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालणार नाही. निकाल मान्य आहे. पण माझा प्रश्न नेमका त्याच्या आतला आहे: हे इंजिन याच बॉडीत बसवून विकायचा तपशील निर्मात्यानेच दिला होता, त्याची चाचणी झाली होती, मंजुरी मिळाली होती, आणि अशा गाड्या तुमच्याच कार्यालयांनी नोंदवल्या. मग ही फारकत कोणापासून? उत्तर "तरीही नाही" असे असू शकते. ते मला तर्कासह लेखी हवे आहे. सेवा हक्काचा कायदा या राज्याने 2015 मध्ये केला. एका ओळीच्या शेऱ्याने त्याचे समाधान होते असे मला वाटत नाही.

2. बॅटरी चालते, सीएनजी चालतो, इंजिन चालत नाही.

कलम 52 मध्येच तरतूद आहे की इंधन बदलण्यासाठी मंजूर किट बसवता येते. म्हणजे 200 बार दाबाने गॅस भरलेली टाकी मी डिकीत, पोरांच्या पाठीमागे, बसवून घेतली तर तुमचे कार्यालय आरसीवर नोंद करून देईल. इंजिन पूर्ण उपटून त्या जागी मंजूर मोटर आणि बॅटरी बसवली तरी नोंद होईल. मात्र त्याच कंपनीने त्याच गाडीसाठी बनवलेले, एक बारच्या आसपास बूस्ट (हवेचा जादा दाब) देणारे इंजिन बसवायचे म्हटले की कायद्याचे दार बंद. सीएनजीला माझा विरोध नाही, माझे अनेक विद्यार्थी तेच काम करून पोट भरतात. पण सीएनजीसाठी किटची मंजुरी, अधिकृत फिटर, टाकीची ठरावीक मुदतीने चाचणी अशी वाट तुम्ही आखून दिली, म्हणूनच ते काम उजेडात होते.

3. मागितलेले कागद मिळणारेच नाहीत.

खिडकीवर मला तोंडी सांगण्यात आले की निर्मात्याचे ना-हरकत पत्र आणा, नाहीतर एआरएआय या वाहन चाचणी संस्थेचा दाखला आणा. ज्या कंपनीने इथला गाड्यांचा व्यवसाय आवरला, तिथे एका जुन्या गाडीच्या पत्रासाठी कोणाचे दार ठोठावायचे? एआरएआय पुण्यातच आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खालची चाचणी ही निर्मात्याच्या नमुना वाहनासाठी असते. वेताळ टेकडीवर मी माझी एकटी लिनिया घेऊन जाऊन रांगेत उभा राहावे, अशी ती व्यवस्थाच नाही. दोष त्या संस्थेचा नाही. मिळू न शकणारा कागद मागायचा आणि तो आणला नाही म्हणून फाइल बंद करायची, या पद्धतीचा आहे.

4. या नकाराने गुन्हेगारी पोसली जाते.

यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात गंभीर बाब हीच आहे. अर्ज परत आला त्याच दिवशी कार्यालयाच्या आवारात एका एजंटाने मला गाठले. म्हणाला, "सर, कशाला कागद करत बसलाय? जुन्या ब्लॉकचा नंबर नव्यावर मारून देतो. ग्राइंडर, पॉलिश पेपर, वरून पंच. आठ हजार. पेन्सिल प्रिंट बघणाऱ्याला काय कळतंय?"

त्याचे शेवटचे वाक्य खरे आहे. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेले आकडे अर्जाला चिकटवायचे, एवढ्यावर आपली ओळखपरेड चालते. घासून पुन्हा पंच केलेल्या जागी धातू किंचित खोलगट होतो, आकड्यांची ओळ एका रेषेत राहत नाही, कास्टिंगचा मूळ खरबरीतपणा जातो. हे डोळ्यांना आणि बोटांना कळते, पेन्सिलीला कळत नाही. आणि एकदा ही कला हातात आली की आज हौशी माणसाच्या इंजिनावर चालणारा तोच पंच उद्या चोरीच्या गाडीवर चालतो. माझ्याकडे त्या इंजिनाचे बिल आहे, मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आहे, विमा कंपनीचे पत्र आहे. इतके असताना सरळ रस्त्याने जाणाऱ्याला "नाही" आणि नंबर मारणाऱ्याला आपोआप "हो", हा हिशेब कोणत्या कलमात बसतो?

5. नोंद नाही म्हणजे विमा नाही.

आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि गाडीतला क्रमांक वेगळा असला की दाव्याच्या वेळी सर्व्हेअर पहिला मुद्दा तोच काढणार. न सांगता इंजिन बदललेल्या गाडीने उद्या रस्त्यावर कोणाला उडवले, तर भरपाईसाठी कोर्टकज्जे त्या बिचाऱ्याच्या घरच्यांना करावे लागतील. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. शिक्षा लिहून ठेवली आहे, परवानगीची वाट मात्र लिहिलेली नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असे समजू नका. मारुती 800 मध्ये तिप्पट ताकदीचे इंजिन कोंबून, ब्रेक आहेत तेच ठेवून, सायलेन्सर कापून हायवेवर सोडलेल्या गाड्या मीही पाहतो. साडेसहाशे किलोच्या पत्र्याला ती ताकद झेपत नाही. पुढचे सस्पेन्शन बसते, एक्सल तुटतात, आणि ब्रेक पहिल्याच उतारावर धूर काढतात. अशा गाड्यांना तुम्ही नाहीच म्हणावे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मीही नाही म्हणतो, आणि त्यांचा रोष घेतो. पण सरसकट नकारात तो वेडेपणा आणि माझ्यासारखा अर्ज एकाच गठ्ठ्यात बांधला जातो. तुमच्या निरीक्षकाला या दोहोंतला फरक दहा मिनिटांत कळेल, त्याला फक्त तो फरक करायचा अधिकार द्या.

रेषा ओढणे अवघड नाही. त्या मॉडेलच्या त्या बॉडीत निर्मात्याने स्वतः जे इंजिन भारतात विकले तेच चालेल, दुसरे नाही. साध्या लिनियाला टी-जेट. चाकणला बनलेल्या साध्या पेट्रोल पोलोला पोलो जीटीचे 1.2 टीएसआय. जुन्या बलेनोला बलेनो आरएसचे 1.0 बूस्टरजेट. यादी लहान आहे, आणि मंजुरीचे तपशील चाचणी संस्थांकडे आधीच आहेत. जर्मनीत बदललेली गाडी ट्यूव्ह या तपासणी संस्थेचा अभियंता एकेक तपासतो आणि बदल गाडीच्या कागदांवर चढतो. तिथले रस्ते काही आपल्याहून बेफिकीर नाहीत.

"हा विषय केंद्राचा" असे उत्तर येईल, हेही गृहीत धरतो. ते अर्धे खरे आहे. 2000 च्या दुरुस्तीआधी नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने बदल करता येत असे, आता तसे नाही. पण 2019 च्या दुरुस्तीने बदल आणि रेट्रोफिटिंगचे (बनलेल्या गाडीत नंतर भाग बसवण्याचे) निकष व अटी ठरवायचा अधिकार केंद्राला स्पष्टपणे दिला आहे, आणि विशिष्ट कारणासाठी सूट देण्याची तरतूदही कलम 52 मध्ये आहे. अधिकार केंद्राचा असला तरी प्रस्ताव पाठवायला राज्याला कोणी अडवलेले नाही. मोटारींचे कारखाने चाकण-रांजणगावला, चाचणी संस्था पुण्यात आणि अहिल्यानगरला. हा प्रस्ताव महाराष्ट्राने नाही पाठवायचा तर कोणी पाठवायचा?

माझ्या मागण्या अशा आहेत:

एक, त्याच निर्मात्याचे, त्याच मॉडेलच्या त्याच बॉडीत अधिकृतपणे विकले गेलेले, त्याच इंधनाचे इंजिन बसवण्याच्या अर्जांबाबत राज्यभरासाठी एकच लेखी परिपत्रक काढा. प्रचलित कायद्यात ते बसत असेल तर प्रक्रिया सांगा, बसत नसेल तर कोणत्या शब्दांमुळे बसत नाही ते सांगा.

दोन, बसत नसेल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे निकष ठरवण्याचा प्रस्ताव पाठवा आणि त्याची प्रत जाहीर करा.

तीन, अटी कडक ठेवा. आधी परवानगी, मग काम. इंजिनाबरोबर त्याच व्हेरिएंटचे ब्रेक आणि कूलिंग बसवणे सक्तीचे करा. उत्सर्जन मूळ गाडीपेक्षा खालच्या टप्प्याचे नको. माझ्या बाबतीत स्टेज 3 च्या जागी स्टेज 4 चे इंजिन येते आहे, म्हणजे हवेचा फायदाच. कामानंतर स्वयंचलित चाचणी केंद्रात रोलरवर ब्रेक, धूर आणि आवाज तपासा. नापास झाली तर गाडी परत शेडमध्ये. शुल्क लावा, महाग व्हेरिएंटचा एकरकमी कराचा फरकही घ्या, तक्रार नाही.

चार, टोटल लॉस वा भंगारात गेलेल्या गाडीची नोंदणी रद्द होताना इंजिन चांगले असेल तर तशी नोंद वाहन नोंदणीच्या "वाहन" या संगणक प्रणालीत ठेवा, म्हणजे तोच क्रमांक पुढे कोणत्या चासीवर गेला हे एका क्लिकवर दिसेल. आज माझ्या इंजिनाचा क्रमांक टाकला की "आधीच दुसऱ्या वाहनावर आहे" असे सांगून प्रणाली अडते, असे खिडकीवर सांगण्यात आले.

पाच, पेन्सिल प्रिंटवर विसंबणे थांबवा. निरीक्षकाने क्रमांकाच्या जागेचा जवळून फोटो घ्यावा आणि तो अर्जाला जोडावा. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि कार्यालयांच्या आवारात नंबर मारून देण्याचे दर सांगणाऱ्यांना आवाराबाहेर काढा.

सहा, माझ्या अर्जावर कारणासह लेखी निर्णय द्या. तो माझ्या विरोधात गेला तरी चालेल, अपिलाला काहीतरी हातात हवे.

अर्जाची प्रत, दोन्ही गाड्यांचे कागद, इंजिनाचे बिल, नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि मी बसवणार असलेल्या प्रत्येक भागाची यादी तुमच्या कार्यालयाकडे स्वतंत्र पाठवली आहे. निरीक्षकांना प्रत्यक्ष पाहायचे असेल तर शेड कामाच्या कोणत्याही दिवशी दहा ते सहा उघडी असते. इंजिन स्टँडवर असल्याने क्रमांक वाचायला बॉनेटखाली वाकावेही लागणार नाही.

आपला,
एक वाहनमालक आणि मोटार मेकॅनिक ट्रेडचा निदेशक